रोज रात्री एकच तास मिळतो. अलीकडच्या गेम्सबद्दल दोन-दोन ओळींत सांगाल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी.

मुलगी सव्वा वर्षाची झाली. ती नऊला झोपते, मागची आवराआवर संपेपर्यंत दहा वाजतात. दहा ते अकरा हा तास माझा. त्यातही ती कधी साडेदहालाच रडत उठते, मग कंट्रोलर असेल तिथे टाकून धावावं लागतं.

मनापासून खेळलेला शेवटचा गेम म्हणजे एल्डन रिंग, २०२२ सालचा. त्यानंतर काय काय आलं ते नुसतं वाचतोय. परीक्षणं लांबलचक असतात. एक वाचण्यातच माझा अर्धा तास जातो, आणि शेवटी आकडा नऊ नाहीतर साडेनऊ. सगळ्यांनाच नऊ मिळत असतील तर निवड कशाच्या जोरावर करायची?

माझ्या यादीत सध्या हे आहेत: सिल्कसाँग, एक्स्पिडिशन ३३, बलाट्रो, हेडीज २, ब्लू प्रिन्स, नाइटरेन. यापैकी जे खेळलात त्याबद्दल थोडक्यात सांगा. घेऊ की नको, आणि का. कठीण असलं तर माझी हरकत नाही, एल्डन रिंगमध्ये मार्गिट नावाच्या बड्या शत्रूनं (बॉसनं) मला तीन आठवडे रडवलं होतं आणि ते दिवस मला आवडले होते. वेळ फुकट गेला तर मात्र जीव चुकचुकतो. कथेतली गुपितं कृपया फोडू नका.

सांजवात

उंबरठा, तुमच्या प्रश्नासाठी मी लॉगिन केलं, कारण बरीच वर्षं मी हेच काम केलं आहे. एका मासिकात दर महिन्याला नव्या गेम्सवर लिहायचे. प्रत्येक गेमला ऐंशी शब्द. ऐंशी शब्दांत ग्राफिक्स, संगीत, कथा असे कप्पे पाडून लिहिता येत नाही. पहिली दोन वर्षं माझे सगळे अभिप्राय एकसारखे झाले. मग मी प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारायला लागले: खेळणारा हरला की पुढे काय होतं?

तुम्ही एल्डन रिंग खेळला आहात म्हणून तिथलंच उदाहरण देते. तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या आधीच्या गेम्समध्ये बॉसकडून मेलात की शेकोटीपासून पुन्हा धावत यायचं, वाटेतल्या सगळ्यांना चुकवत. एल्डन रिंगमध्ये त्यांनी बऱ्याच बॉसच्या जवळ मारिकाची ती छोटी मूर्ती उभी केली. मेलात की तिथेच उठा आणि पुन्हा आत शिरा. बॉस तेवढाच कठीण राहिला, मधली पायपीट तेवढी गेली. तुमचे ते तीन आठवडे आवडते ठरले त्यात या मूर्तीचा हात आहे असं मला वाटतं. हरण्याचा वेळ लढण्यात गेला, चालण्यात गेला नाही.

आता तुमची यादी. क्रम माझा आहे.

बलाट्रो (२०२४). घ्या. आज रात्रीच घ्या. पत्त्यांचा गेम आहे, पोकरचे हात वापरतो, पण पोकर येत नसलं तरी अडत नाही. जोडी, तिडी, रंग एवढं एका बैठकीत कळतं. खरा गेम जोकरांचा. दीडशे जोकर आहेत, एका वेळी पाचच बाळगता येतात, आणि प्रत्येक जण हिशोबाचा एखादा नियम वाकवतो. एखादा सांगतो, बदामाच्या प्रत्येक पत्त्याला जादा गुण. दुसरा सगळा गुणाकार दुप्पट करतो. ते डावीकडून उजवीकडे काम करतात, त्यामुळे बेरीज करणारा आधी आणि गुणाकार करणारा नंतर ठेवायचा हे समजलं त्या रात्री मी अर्धा तास नुसती जोकरांची जागा बदलत बसले होते. हरलात तर शून्यावर येता, पण शून्यापासून पुन्हा रंगात यायला दोन मिनिटं पुरतात. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जो बॉस येणार, त्याची अट टप्पा सुरू होतानाच समोर लिहिलेली असते. तो चित्रांचे पत्ते बाद करणार की एकच हात खेळू देणार, हे आधीच माहीत असतं. हरल्यावर दोष कोणाला द्यायचा याबद्दल शंका उरत नाही. घड्याळ नाही, घाई नाही. मुलगी उठली की उठा, डाव तिथेच थांबलेला असतो.

हा एका माणसाने बनवला आहे, आणि तो स्वतःचं खरं नावही सांगत नाही. युरोपच्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने याला २०२४ मध्ये अठरा वर्षांवरचा शिक्का मारला होता, पोकर दिसतं म्हणून. २०२५ मध्ये तो बारावर आणला. यात खरे पैसे कुठेच पणाला लागत नाहीत, त्यामुळे मला तो अठराचा शिक्का अन्यायाचाच वाटला होता.

हेडीज २. हाही घ्या, पण बलाट्रोनंतर. २०२४ च्या मे महिन्यात अपुऱ्या अवस्थेत आला होता, पूर्ण झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. सुपरजायंट या स्टुडिओइतका हरणाऱ्याचा विचार दुसऱ्या कोणी केलेला मी पाहिला नाही. मेलात की नायिका मेलिनोए तिच्या मुक्कामावर परतते, आणि तिथे कोणीतरी तिच्याशी बोलायला थांबलेलं असतं. नुकतं कोणाकडून हरलात, कोणतं शस्त्र घेऊन गेला होतात, त्यावरून बोलणं बदलतं. मी हेकटी या बॉसकडून सलग चार वेळा हरले आणि चारही वेळा परत येताना मनात एवढंच होतं, की आता मुक्कामावरचा ओडिसियस काय म्हणेल. एक फेरी तीस-चाळीस मिनिटांची होते, मध्येच बंद केलं तरी त्याच खोलीच्या सुरुवातीपासून पुढे खेळता येतं. एक तक्रार आहे. गोळा करायच्या वस्तू फार झाल्या आहेत, राख, हाडं, बिया, धातू, मासे. पहिल्या हेडीजमधला हलकेपणा इथे उरलेला नाही. दहा तासांनंतर त्याची सवय होते.

एक्स्पिडिशन ३३ (एप्रिल २०२५). घ्या, एका तयारीनिशी. लढाई पाळीपाळीची आहे, पण शत्रूची पाळी आली की हात बांधून बसता येत नाही. त्याचा वार नेमक्या क्षणी अडवायचा किंवा चुकवायचा. ओळीने सगळे वार अडवले की तुमचं पात्र असा उलटा तडाखा देतं की खोलीत एकटी असताना मी मोठ्याने ओरडले आहे. वार कधी येतो हे डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. शत्रू हात मागे नेताना फसवतात, आवाज फारसा फसवत नाही. तिसऱ्या-चौथ्या पराभवात त्या शत्रूचा ताल पाठ होतो, म्हणजे हरण्यातून काहीतरी हाती लागतं. कथेची कल्पना सुरुवातीलाच कळते म्हणून सांगते: दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या खांबावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरत जातो. सँडफॉलचा मूळ चमू तीसेक माणसांचा, बाहेरून मदत घेतलेली, आणि त्यांचा हा पहिलाच गेम. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी ज्या शांतपणे निरोपाचे प्रसंग लिहिले आहेत, ते पाहून मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला होता.

तयारी कसली ते सांगते. भागांच्या आत नकाशा नाही. सलग चार तास खेळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. तुम्ही आज थांबून परवा परतणार, तेव्हा आपण कुठून आलो आणि कुठे निघालो होतो ते आठवणार नाही. म्हणून झेंड्यापाशीच थांबायचा नेम करा. सगळीकडे झेंडे रोवलेले आहेत, तिथून दिशा लागते. मध्ये उड्या मारायचे काही खेळ दिले आहेत, ते वाईट आहेत. सोडून द्या, काही बिघडत नाही.

ब्लू प्रिन्स. मला अतिशय प्रिय आणि तरीही तुम्हाला सांगताना मी अडखळते आहे. एका मुलाला वाडा वारशात मिळतो. अट अशी की पंचेचाळीस खोल्यांच्या त्या वाड्यातली सेहेचाळिसावी खोली शोधायची. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, त्यातला एक निवडायचा, ती खोली तिथे बांधली जाते. पाच रुंद, नऊ खोल असा चौकटींचा पट. दिवसाला पन्नास पावलं. संपली की दिवस संपला, उद्या वाडा कोरा. तुम्ही जमवलेलं बहुतेक सगळं जातं, उरतं ते तुमच्या वहीत लिहिलेलं. वही शब्दशः लागते. माझी शंभर पानी भरली. कोडी इतकी खोल गेली आहेत की भिंतीवरच्या एखाद्या चित्राचा अर्थ मला तीस दिवसांनी कळला, त्या क्षणी मी वही घट्ट धरून बसले होते. मग अडखळते का? कारण पुढे काय करायचं हे पक्कं माहीत असूनही हवी ती खोली समोर येत नाही, असे दिवस येतात. उत्तर माहीत आहे, लिहायला फळा मिळत नाही. तुमच्या एका तासात असा एक दिवस बसतो, आणि तो पूर्ण वाया गेल्याची रात्र मी अनुभवली आहे. आणखी एक: बरीच कोडी इंग्रजी स्पेलिंगवर उभी आहेत. शब्दखेळाची आवड असेल तर मौज, नसेल तर त्रास.

नाइटरेन. नको. एल्डन रिंगचं नाव आहे म्हणून तुम्ही यादीत घातला असणार. तीन खेळाडूंनी मिळून खेळायची चाळीसेक मिनिटांची फेरी आहे, मैदान आकसत जातं, शेवटी मोठा बॉस. लढाई उत्तम आहे, वेग मला आवडला. पण मध्ये थांबवता येत नाही आणि तुम्ही उठून गेलात तर दोन अनोळखी माणसांची फेरी बुडते. एकट्याने खेळता येतो, तेव्हाही घड्याळ चालूच राहतं. सव्वा वर्षाच्या मुलीच्या बापाने हा गेम घेऊ नये.

आता सिल्कसाँग. यावर मला जास्त बोलायचं आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, ४ सप्टेंबर २०२५ ला आला. त्या दिवशी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांचे सर्व्हर गर्दीने कोलमडले. मीही त्या गर्दीत होते. टीम चेरीचं चित्रकाम, क्रिस्टोफर लार्किनचं संगीत, नायिका हॉर्नेटची चाल, यातल्या कशालाही मी बोट लावू शकत नाही. सुई घेऊन ती हवेत वळते तेव्हा हातांना आनंद होतो. मूळ गेममध्ये, म्हणजे हॉलो नाइटमध्ये, खाली मारलेला वार सरळ खाली जायचा, इथे सुरुवातीला तो तिरका जातो. हातांची जुनी सवय मोडायला मला आठवडा लागला, आणि तो आठवडा मला आवडला. क्रेस्ट (हॉर्नेटची लढायची शैली) बदलला की सरळ वारही मिळतो. जखम भरणंही वेगळं आहे. एकाच वेळी तीन मुखवटे (इथे जीव मुखवट्यांत मोजतात) परत येतात, पण त्यासाठी जवळजवळ सगळं रेशीम खर्च होतं. म्हणजे जखम भरायची की वार करायचा हा निर्णय प्रत्येक श्वासाला. उत्तम रचना आहे.

पण हरल्यावर? सुरुवातीला पाच मुखवटे, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन नेतात. मेलात की जमवलेले मणी, म्हणजे तिथले पैसे, तिथेच राहतात, ते आणायला परत जायचं. विसाव्याचे बाक दूर दूर. काही बाक मणी दिल्याशिवाय उघडत नाहीत. हंटर्स मार्च या भागात तर एक बाक असा आहे की त्यावर बसलात की सापळाच सुटतो. या गेममध्ये बाक ही एकमेव जागा आहे जिथे खेळणारा खांदे सैल सोडतो, आणि तिथेच त्याला फटका दिला. मला त्या क्षणी खरंच दुखावल्यासारखं झालं. मग ब्लास्टेड स्टेप्स या भागातला बॉस, लास्ट जज. त्याच्यापर्यंतची वाट वाऱ्याची आणि गिरमिटासारखं डोकं फिरवत येणाऱ्या किड्यांची. मी त्याच्यापायी एकोणीस वेळा पडले. त्यातल्या सहा वेळा वाटेतच. म्हणजे सहा वेळा मी ज्याच्याशी लढायला निघाले होते त्याचं तोंडही पाहिलं नाही.

लवकरच्या एका पॅचमध्ये (सुधारणेत) मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले, मधल्या टप्प्यातल्या बाकांचे मणीही कमी केले. योग्य केलं. वाटा मात्र तशाच आहेत.

माझा अभिप्राय: गेम म्हणून फार मोठा, पण तुमच्या दहा ते अकरासाठी आत्ता नको. सलग सुट्टी मिळेल तेव्हा घ्या.

यादीबाहेरचे दोन. अॅस्ट्रो बॉट (२०२४), प्लेस्टेशन ५ असेल तर. एका फटक्यात मरता, पण दहा पावलं मागे लगेच उठता. प्रत्येक ग्रहावर नवी करामत. एका जागी वेळ थांबवता येतो, एका जागी उंदराएवढं लहान होता येतं, आणि ती करामत कंटाळा यायच्या आत काढून घेतली जाते. कंट्रोलरमधून पावसाचे थेंब तळहातावर जाणवतात. आणि अॅनिमल वेल, तोही २०२४ चा, बिली बॅसो या एकट्याने सातेक वर्षं खपून केलेला. तलवार नाही. बुडबुडे, यो-यो, फ्रिसबी अशी खेळणी आहेत आणि अंधारातली जनावरं. संपूर्ण गेम चाळीस एमबीच्या आत बसतो. माझ्या फोनमधला एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो.

कोराकागद

सांजवात, तुमचं लिखाण मन लावून वाचलं. सिल्कसाँगबद्दल मात्र मला विरोध नोंदवायचाच आहे.

लास्ट जजची वाट तुम्ही दंड म्हणून पाहिली. मी बावीस वेळा चाललो. दहाव्या वेळेनंतर मला कळलं की ते गिरमिट-किडे अडथळा म्हणून ठेवलेलेच नाहीत. त्यांना मारलं की रेशीम मिळतं. वाट नीट चाललात तर जजसमोर उभं राहताना रिळ (रेशमाचा साठा) भरलेलं असतं, म्हणजे एक जखम भरण्याची सोय खिशात. घाईने चुकवत पळालात तर रिकामे पोहोचता. त्या वाटेवर मी तिरका वार शिकलो, कारण तिथे चूक स्वस्त होती. जजसमोर ती महाग पडली असती. तुम्ही सांगता तशी मूर्ती दाराशी ठेवली असती तर मी नुसता जजवर डोकं आपटत राहिलो असतो.

दुसरं म्हणजे हॉर्नेट त्या राज्यात बंदिवान म्हणून आणलेली आहे. ती जागा तिला नको आहे. बाकाने सापळा लावणं त्या जागेच्या स्वभावाला धरून आहे. मी त्या सापळ्यात पडलो, उठलो, आणि पुढच्या प्रत्येक बाकावर बसण्याआधी सुईने एकदा ठोकून पाहिलं. गेमनं माझ्या वागण्यात बदल केला. मला ते मोलाचं वाटतं.

उंबरठा, तासभर मिळतो म्हणून हा गेम टाळू नका. रोज एक खोली शोधली तरी फारलूम, म्हणजे ते राज्य, पुढे सरकतं. आणि एका दिशेला अडलात तर दुसरीकडे जाता येतं, हे या गेमचं औदार्य कोणी फार सांगत नाही.

मुक्तछंद

माझ्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर आठ महिने मी काहीच खेळलो नाही. आता खेळतो, पण बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत. त्यामुळे सांजवात यांचा प्रश्न मला वेगळ्या ठिकाणी लागला.

हेडीजमध्ये गॉड मोड नावाची सोय आहे. दुसऱ्या भागातही आहे. सुरू केली की लागणारा मार वीस टक्क्यांनी कमी होतो, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी मेलात की आणखी दोन टक्के. हरणं साठत जातं आणि एक दिवस पुरेसं होतं. कथा तीच, संवाद तेच, कोणी हिणवत नाही. मी क्रोनोस या बॉसला पहिल्यांदा हरवलं तेव्हा माझा आकडा पन्नासच्या पुढे होता. त्या विजयात मला काही कमी वाटलं नाही.

एक्स्पिडिशन ३३ मध्ये सर्वांत सोप्या पातळीवर वार अडवायची वेळ बरीच सैल होते. मला ती पुरली. सिल्कसाँगमध्ये मात्र अशी कुठलीच पातळी नाही. कोराकागद, तुमचा मुद्दा मी समजू शकतो. तुम्ही सांगता ती वाट मीही चाललो, तिथे रेशीम भरायचं असतं हेही मला माहीत होतं, पण माहीत असून बोटं वेळेवर पडेनात. मी तिथेच थांबलो. पुढचं फारलूम मी दुसऱ्यांच्या व्हिडिओत पाहिलं.

उंबरठा, त्याच जातीचा एक गेम तुमच्यासाठी सुचवतो. प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन, जानेवारी २०२४. त्यात एक साधी गोष्ट आहे जी मला वाटतं प्रत्येक गेमने घ्यावी. अडलात, दार उघडेना, तर बटण दाबून तिथला फोटो काढायचा. तो फोटो नकाशावर त्या जागी टोचला जातो. चार दिवसांनी परत आलात तरी कुठे काय राहिलं होतं ते डोळ्यांसमोर. मध्येच उठून जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. पुढचा मुक्काम नकाशावर दाखवायचा की नाही हेही आपण ठरवायचं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या तळमळीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

दोन प्रश्न. एक, बॉल्डर्स गेट ३ बद्दल कोणीच बोललं नाही. तो २०२३ चा म्हणून जुना झाला, की तासाभरात बसत नाही? दोन, शनिवारी बायकोलाही वेळ असतो. ती फारशी खेळत नाही, पण बरोबर बसून काही खेळता येईल का? माझ्यापेक्षा तिला कमी येतं म्हणून तिला सारखं थांबावं लागू नये, एवढीच इच्छा.

सांजवात

आधी कोराकागद यांना. तुमचा रिळ भरण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. काल रात्री तुमचं वाचून मी जुनी सेव्ह उघडली आणि ती वाट किडे मारत चालून पाहिली. तुम्ही म्हणता तसंच आहे, दाराशी पोहोचेपर्यंत रिळ भरलं. पहिल्या दहा खेपांना ती वाट शिकवते हे मान्य. अकराव्या ते एकोणिसाव्या खेपेला तिच्याकडे मला द्यायला काही नव्हतं, आणि तरी ती प्रत्येक वेळी माझ्याकडून पूर्ण वेळ घेत होती. माझं दुखणं तेवढंच आहे. बाकाच्या सापळ्याबद्दल मी मत बदललेलं नाही.

मुक्तछंद, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मासिकात असताना एका वाचकाने अगदी हेच पत्र लिहून कळवलं होतं, त्याच्या हातांत कंप होता. तेव्हापासून अभिप्राय लिहिताना सोपी पातळी लावून पहिले दोन तास मी वेगळे खेळते. या वेळी उंबरठा यांना उत्तर देण्याच्या भरात ते लिहायचं राहिलं. गॉड मोडचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं.

उंबरठा, बॉल्डर्स गेट ३ मुळीच जुना झालेला नाही. पाळीपाळीची लढाई, जवळजवळ कधीही सेव्ह करता येतं, मुलगी उठली तर सगळे पुतळ्यासारखे थांबून राहतात. लांब मात्र फार आहे. रोजच्या एका तासाने तीन-चार महिने जातील, आणि शेवटच्या शहरातल्या काही लढायाच तास-तास चालतात. तरीही त्याची शिफारस करते, ती वीस बाजूंच्या फाशासाठी. बोलताना कोणाला पटवायचं असेल, कुलूप उघडायचं असेल, तर फासा पडतो. कमी पडला की गोष्ट संपत नाही, दुसरीकडे वळते. सुरुवातीच्या एका वस्तीत एका लहान मुलीला चोरी करताना पकडलेलं असतं, तिच्यासमोर साप सोडलेला. मी रदबदली करायला गेले, फासा कमी पडला, आणि ती मुलगी वाचली नाही. सेव्ह उलटी फिरवायला बोट बटणावर गेलं होतं. नाही फिरवली. त्यानंतर मी त्या मुलीच्या आईवडिलांसमोर गेले की मान खाली घालत होते, आणि शंभर तासांच्या गेममधलं माझं सर्वांत स्वतःचं असं तेच काही आहे. खेळलात तर फासा फिरवू नका एवढी विनंती. (गुपित फोडलं असं वाटत असेल तर क्षमा, पण तुमचा फासा वेगळा पडेल.)

शनिवारसाठी स्प्लिट फिक्शन, मार्च २०२५. दोघांशिवाय सुरूच होत नाही. मिओ विज्ञानकथा लिहिते, झोई अद्भुतकथा, आणि दोघी एकमेकींच्या गोष्टींत अडकतात. दोघांच्या हातात नेहमी वेगळी करामत असते, एकाने दार धरायचं तर दुसऱ्याने उडी मारायची. एक जण पडला तर काही क्षणांत परत उठतो, जोवर दुसरा उभा आहे. तुमच्या पत्नी वीस वेळा पडल्या तरी तुम्हाला थांबावं लागणार नाही, आणि त्यांनाही तुमचे उसासे ऐकावे लागणार नाहीत. मध्ये एका छोट्या गोष्टीत तुम्ही दोघं डुकराची पिल्लं होता. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण माझी बहीण, जिने जन्मात कंट्रोलर धरला नव्हता, ती त्या प्रसंगाला इतकी हसली की गेम थांबवावा लागला. बारा-चौदा तासांचा आहे, म्हणजे तुमचे तीन-चार महिन्यांचे शनिवार. दूर राहणाऱ्या कोणाबरोबर खेळायचं असेल तर एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो.

क्रम असा लावा: आठवड्यात बलाट्रो, शनिवारी स्प्लिट फिक्शन. महिन्याभराने हेडीज २ किंवा एक्स्पिडिशन ३३, जे ओढेल ते. ब्लू प्रिन्सची वही आत्ताच आणून ठेवलीत तरी चालेल.

उंबरठा

काल बलाट्रो सुरू केला. तीन डाव हरलो. चौथ्यात बदामाचे पत्ते जमवत गेलो, बदामावर गुण देणारे दोन जोकरही मिळाले, आणि चौथ्या टप्प्याच्या सुरुवातीला समोर लिहिलेलं दिसलं: या वेळचा बॉस बदामाचे सगळे पत्ते निकामी करणार.

सांजवातताई, तुम्ही लिहिलं होतं म्हणूनच मी ते वाचलं, नाहीतर सरळ पुढे गेलो असतो. दोन छोट्या फेऱ्या हातात होत्या. एक बदामाचा जोकर विकला, जोडीवर गुणाकार देणारा घेतला, आणि बॉससमोर एक्क्यांची आणि राजांची जोडी लावत राहिलो. शेवटच्या हाताला चाळीस गुण कमी पडले.

पावणेअकरा वाजले होते. मुलगी झोपलेली होती. पाचवा डाव मांडला.

कोराकागद, सिल्कसाँग यादीतून काढलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवला आहे.

कोराकागद

तिरका वार आधी शिका. आणि प्रत्येक बाक ठोकून बघा.